चाळणी द्यायला पाठवलेली पोरगी

माझ्या नातीनं माझ्यावर एक गेम बनवला आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळायचा, हातात ते बटणांचं यंत्र धरून. त्यात मी आहे. म्हणजे मी नाही, ती आहे. पंचवीस वर्षांची, कंबर सरळ, डोक्यावर उसाची मोळी, हातात कोयता, आणि अक्कल कुठंच नाही. नात म्हणाली, अक्कल दाखवायची सोय गेममध्ये नव्हती. मी म्हटलं, बरोबर आहे, बाईतपण नव्हती.

आम्ही तिघी गंगाखेडात राहतो, माझ्या लेकीच्या घरात. माझा म्हातारा गेला, जावईही गेले, आता बायकांचंच राज्य. लेक ब्लाऊज शिवते. तिची मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी. नात परभणीला कॉम्प्युटर शिकली. ती मधल्या खोलीत बसून दिवसभर कुठल्याशा कंपनीचं काम करते, आणि ते संपलं की त्याच खुर्चीवर बसून स्वतःचं. हा गेम तिनं एकटीनं दोन वर्षं खपून केला. चित्रं तिची, हिशेब तिचा, आवाजही तिनंच गोळा केलेले. कोयत्याचा आवाज पाहिजे म्हणून मला घेऊन गावाबाहेरच्या एका फडात गेली. फोन पुढं करून म्हणाली, "आजी, तोड." तीन दांड्यांत माझा खांदा धरला. मग फडातल्या एका तरण्या बाईनं तोडून दिलं. गेममध्ये माझ्या हातून जो ऊस पडतो, तो तिनं तोडलेला आहे.

आमचं मूळ गाव राणीसावरगावच्या पलीकडं, माळावर. दिवाळी झाली की ट्रक यायचा आणि आम्ही पाच-सहा महिन्यांसाठी दूरच्या कारखान्याच्या उसाला जायचो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. आमच्या टोळीत असे बारा कोयते, आणि त्यांत सगळ्यात पुढं आमचा. हे मी तेव्हापासून सांगत आले. नातीलाही तेच सांगितलं. ती फोन चालू ठेवून विचारायची, मी तिखटमीठ लावून सांगायची.

गेमची सुरुवात निघण्यापासून आहे. ट्रक वेशीत उभा असतो आणि त्या बाईला कामं उरकायची असतात. शेजारणीची चाळणी परत द्यायची, शेळी जावेच्या दावणीला बांधायची, गाठोडं आवळायचं. सात वर्षांची पोरगी मागंमागं फिरत असते. एखादं काम तिच्या हातात दिलं तर ती पळत जाऊन करून येते. सगळं झालं की ट्रककडं जायचं. तिथं पोरगी पदर धरते, म्हणते, "माय, लवकर ये." बाई खाली बसते, तिच्या तोंडावरून हात फिरवते. ट्रक सुटतो, पोरगी हात हलवते, बाई वेस दिसेनाशी होईपर्यंत मागं बघते. मग पुढं फड, मोळ्या, राहायला पाचटाची कोपी, सगळं. पण जो खेळला तो त्या निरोपाचंच बोलायचा. कुणीतरी परदेशातून नातीला लिहिलं होतं की तिथं मला रडू आलं.

तो निरोप मीच तिला सांगितला होता.

गेम नेटवर टाकला तेव्हा पहिल्या महिन्यात कुणी विचारलं नाही. एकानं तक्रार केली की बाई फार हळू चालते. मी नातीला म्हटलं, "त्याला म्हणावं, तुझ्या डोक्यावर मोळी देते, मग तू पळ." मग कसं कोण जाणे, पळणाऱ्या लोकांना तो सापडला. ही एक वेगळीच जमात आहे. गेम मन लावून खेळायचा नाही, कमीत कमी वेळात संपवायचा. घड्याळ लावून खेळतात, त्याची फिल्म काढतात, ती सगळ्यांनी तपासली की नावापुढं वेळ लागते. जगात कुठंकुठं बसलेले असतात आणि एका सेकंदासाठी आठवडा घालवतात. गेममधल्या चुका शोधतात. भिंतीतून कुठं घुसता येतं, कुठलं काम न करता पुढं जाता येतं. त्याला ते स्पीडरन म्हणतात.

"एवढी जल्दी कशाची?" मी विचारलं. "त्यांच्या मागं मुकादम हाय का?"

"कुणी नाही आजी. हौस असते."

"फुकट?"

"फुकट."

मी हसले खरी, पण मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. दुपारची भांडी झाली की मी नातीच्या खुर्चीमागं स्टूल घेऊन बसायची आणि त्यांच्या फिल्मा बघायची. कुठल्या कुठला पोरगा, माझं पात्र घेऊन असा ऊस तोडायचा की बघत राहावं. मी त्याला इथून सांगायची, "अरे, मोळी बांधून मग वळ, वळून काय बांधतोस."

कारण ती बाई तशीच होती. तिला पळायची हौस होती आणि वर तिच्या मागं मुकादमही होता. फडात बाजूला जाण्यात वेळ जातो म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नसे. भाकरी उभ्यानं खायची. बाकीच्या बायका बांधावर टेकल्या की ती मुद्दाम त्यांच्या समोरून मोळी घेऊन जायची. मुकादम म्हणायचा, "ही बाई न्हाई, मशीन हाय." तर ती येडी दिवसभर मिरवायची, जसं काही कुणी तिला बाजारात हत्तीवरून फिरवलंय. पुढं एका डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट जाईल. ती सत्तावीस वर्षांची होती. कटकट म्हणजे महिन्यातले ते चार दिवस, ज्यांत हात मंदावतो. तिला पटलं. टोळीतल्या दोघींनी काढलीच होती. हाडं कधी दुखायला लागली, घाम कधी फुटायला लागला, ते नंतरचं. पुढच्या हंगामात ती पुन्हा सगळ्यांच्या पुढं होती, हे मात्र मी कालपरवापर्यंत ऐटीत सांगत होते. म्हणून मला लेक एकच.

तर, तो रविवार. लेक पुढं शिवत होती. नात मला सांगत होती की पळणाऱ्यांचं सगळं झालंय, आता सगळे निरोपापाशी अडकलेत. तो चाळीस सेकंदांचा आहे आणि तो काही केल्या उडवता येत नाही. काहींनी तिला लिहिलं होतं की बटण दाबून पुढं जायची सोय ठेव. तिनं नाही म्हणून कळवलं.

"मी मुद्दाम तसा ठेवलाय," ती म्हणाली. "एवढे चाळीस सेकंद तरी थांबा म्हणावं. पोरगी हाय ती. तिला सोडून जायलीस तू."

मी काय केलं असेल? गप बसायचं होतं. पण महिनाभर त्या पोरांची फडातली कसरत बघून माझे हात शिवशिवत होते. आणि चाळीस सेकंदांना जग अडलंय म्हटल्यावर ती पंचवीस वर्षांची माझ्या आतून उठलीच.

"आण ते यंत्र इकडं," मी म्हटलं.

"तुला शेळीसुद्धा बांधता येत नाही आजी."

"आण म्हणते ना."

नातीनं घड्याळ लावलं, मजा म्हणून. मी शेळी बांधली, वेळ लागला, पण बांधली. गाठोडं आवळलं. चाळणी काखेतच ठेवली. सगळे जण चाळणी आधी देऊन मोकळे होतात, कारण कामांत तीच पहिली आहे. मी तशीच ट्रकपाशी गेले. आणि तिथं, फाळक्यापासून दोन पावलांवर, चाळणी पोरीच्या हातात दिली.

पोरगी वळली आणि शेजारणीच्या घराकडं पळाली. मी ट्रकात चढले. ट्रक सुटला.

निरोप झालाच नाही. एकदम फड आला.

नात खुर्चीवरून उठून नाचायला लागली. "आजी! अगं आजी, काय केलंस हे?" तिनं मला समजावून सांगितलं. काम पोरीच्या हातात दिलं की गेम ते झालं असं धरतो, आणि पोरगी जवळ असली तरच निरोप सुरू होतो. पोरगी जवळ नसताना आई ट्रकात चढेल, हे तिनं गेम बनवताना धरलंच नव्हतं. दोन वर्षांत तिच्या मनात आलं नाही. जगभरच्या त्या पळणाऱ्यांच्याही आलं नाही.

"तुला सुचलं कसं पण?"

"असंच," मी म्हटलं.

तिनं त्याची फिल्म नेटवर टाकली, वर लिहिलं की हे माझ्या आजीनं शोधलं. दोन दिवसांत सगळे पळणारे तसंच करायला लागले. त्या युक्तीला त्यांनी नावही ठेवलं, आजी स्किप. कुठल्या कुठल्या देशांतले लोक माझ्यासाठी टाळ्यांची चित्रं पाठवत होते. नात वाचून दाखवायची आणि मी मान खाली घालून ऐकायची. लाजून नव्हे. हसू दिसू नये म्हणून. ही बाई न्हाई, मशीन हाय.

तिसऱ्या दिवशी नातीनं ती फिल्म आईला दाखवली.

लेक मशीनवर होती, दातांत टाचण्या धरलेल्या. नातीनं फोन पुढं केला. मी दारात उभी होते. लेकीनं पाहिलं. मग एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोवली.

"परत दाव," ती म्हणाली.

नातीनं परत दाखवलं.

"हे कुणी शोधलं म्हणालीस?"

"आजीनं. भारी हाय ना?"

"शोधलं," लेक म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मशीन चालू केली, आणि त्या दुपारी ती मशीन एकदाही थांबली नाही. गिऱ्हाईक येऊन उंबऱ्यात उभं राहिलं तरी नाही.

संध्याकाळी तिनं मला हाक मारली, "जेवायला या. तुमच्यासाठी मऊ भाकर केलीय."

माझी लेक मला जन्मात तुमी म्हणाली नव्हती. ये माय, खाय माय, मर माय, सगळं तू. तिच्या सासूला ती तुमी म्हणायची. त्या दिवसापासून माझ्यासाठीही तेच सुरू झालं. तुमची गोळी घेतली का. तुमचं लुगडं वाळलं. आवाजात राग नाही, काही नाही. पाहुण्याशी बोलावं तसं. घरात सहा पावलांवर पाहुणी म्हणून राहणं काय असतं, ते मला या वयात कळलं.

नातीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यापुढं तिचीच अडचण होती. गेमचा जीव असलेला निरोप आता पळणाऱ्यांपैकी कुणी बघतच नव्हतं. ती चूक दुरुस्त करायची, तर ते लोक विनवत होते की राहू दे, लय चांगली स्किप आहे. एका दुपारी मी शेंगा फोडत बसले होते, पुढच्या खोलीतच, आणि ती येऊन माझ्याजवळ बसली.

"आजी, तू सांग. बुजवू का ती चूक? तू शोधलीस म्हणून विचारते."

बुजव म्हणायचं होतं फक्त. एका शब्दात भागलं असतं. माझा निरोप गेममध्ये परत आला असता, आणि नातीच्या लेखी मी वेस दिसेनाशी होईपर्यंत मागं बघणारी बाई राहिले असते. पण पलीकडं मशीन चालू होती आणि तिचा आवाज हळू झाला होता. लेक ऐकत होती. मी काय म्हणते याची वाट बघत होती.

"ती चूक न्हाई," मी म्हटलं. "तसंच झालतं."

मग सांगितलं. आदल्या साली निघताना पोरीनं माझा पदर सोडला नव्हता. बोटं एकेक करून सोडवावी लागली, ट्रकातले सगळे खोळंबले, मुकादमानं शिव्या दिल्या, बाया हसल्या. सगळ्यात पुढं असणारा कोयता त्या दिवशी सगळ्यात शेवटी चढला. त्या बाईला ते लागलं. पोरगी रडली ते नाही, शेवटी चढली ते. म्हणून पुढच्या साली तिनं अक्कल चालवली. वाटेच्या भाकरीचं पीठ चाळायला शेजारणीची चाळणी आणली होती. ती मुद्दाम ठेवून घेतली. ट्रक लागला, हॉर्न झाला, तेव्हा पोरीला म्हणाली, जा, चाळणी देऊन ये. रिकामी देऊ नको, मूठभर शेंगदाणे टाक. पोरगी शहाणी होती. सांगितलं तसं शेंगदाणे टाकून, सांडू नयेत म्हणून चाळणी दोन्ही हातांत धरून निघाली.

"आणि तू?"

"चढले. मुकादम म्हणाला, आज लवकर आली बाई. तर मी हसले."

नात माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल, जवळ घेईल, म्हणेल आजी तुझा काय इलाज होता. या पिढीची पोरं तसं म्हणतात.

"मग मला खोटं कामून सांगितलंस?" ती म्हणाली. "मी तीन महिने घातले त्या सीनवर. तिचा हात नीट हलावा म्हणून तीन महिने. तू शेजारी बसून सांगत होतीस, अजून हळू हलव म्हणून."

तसं मी सांगितलंच होतं.

मशीन थांबली. लेकीनं दोरा तोडला, ब्लाऊज उलटा करून शिवण बघितली. बोलली ती नातीशीच.

"शेजारीण म्हणाली, थांब, तू रिकामी जाऊ नको. तिनं गुळाचा खडा दिला. म्हणाली, तुझ्या मायला वाटंत खायला. मी मुठीत धरून पळत आले. घाम लागून वितळंल म्हणून मूठ सैल धरली होती." तिनं ब्लाऊजची घडी घातली. "ट्रक दिसतच न्हवता. धूळपण बसली होती."

हे मला ठाऊक नव्हतं. पोरगी मागं माझ्या सासूपाशी राहायची, ती म्हणाली होती की पोरगी संध्याकाळपर्यंत वेशीत उभी होती. एवढंच. परत आल्यावर पोरगी माझ्याजवळ आली नाही, तर मी म्हटलं होतं, विसरली वाटतं मला, आणि लगेच धुणं काढलं होतं.

मग नात हळूच म्हणाली, "मम्मी, मी हे गेममध्ये टाकू? निरोप काढूनच टाकते. ट्रक गेल्यावर पोरगी परत येते, तिच्या हातात..."

"न्हाई," लेक म्हणाली. "तुला काय बी काढायचं ते काढ, काय बी घाल. गूळ घालू नको. ती माणसं पळायलीत. पळता पळता बघतील त्याच्याकडं."

नातीनं गूळ घातला नाही. निरोप मात्र काढला. गेम आता नव्यानं टाकलाय. त्यात चाळणी शेवटीच द्यावी लागते, दुसरी वाटच नाही, आणि पोरगी पळत गेली की ट्रक सुटतो. ज्यांना त्या निरोपाला रडू आलं होतं, त्यांतल्या काहींनी लिहिलं की आई इतकी कोरडी कशी दाखवली. पळणाऱ्यांची काही तक्रार नाही. काही जण अजून जुनाच गेम ठेवून पळतात, बाकीचे नव्यावर आलेत. नव्यात उडवायचं काही उरलं नाही, म्हणून आजी स्किप हे नावही गेलं. आता ती नुसती वाट आहे. पोरीच्या हातात चाळणी देतात, चढतात, तिच्याकडं बघतही नाहीत. माझ्यापेक्षा लवकर चढतात.

मी ते बघणं सोडलं. स्टूल परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. नात बोलते माझ्याशी, पण आता मी काही सांगायला लागले की फोन चालू करत नाही.

परवा लेक एकटी होती. गिऱ्हाइकांची घाई नव्हती, मशीनवर कापड नव्हतं. मी दारात जाऊन उभी राहिले. महिनाभर मनात होतं तेवढंच विचारलं.

"खाल्लास का गं मग तो गूळ?"

तिनं टाचण्यांची गादी सरळ केली. सगळ्या टाचण्या नीट खोवलेल्या होत्या, तरी पुन्हा एकेक काढून खोवल्या.

"ठेवला होता फळीवर. तुमी याल म्हणून," ती म्हणाली. "मुंग्या लागल्या."

मग उठली. "चहा ठेवते. घेता का तुमी?"